डोक्याचं माप

ता. ३ मार्च

चि. टाचणी, आशीर्वाद घे आणि आधी खाली बस.

नाही, मी काही रागाच्या भरात तुझ्या बापाची गोळी बंद केलेली नाही. नीट माप घेऊन केली. डॉक्टर म्हणतो, मेंदूला सूज आहे. बरं. दर रविवारी मी त्याच्या कपाळावरून टेप फिरवला. सुताइतका फरक नाही. जन्म गेला माझा लोकांची मापं घेण्यात, फुगलेलं अंग मला कळतं. सूज नाही तर सुजेची गोळी कशाला?

तुझी आई गेल्यापासून तो खचलाय, हे मलाही दिसतं. तिच्या दुखण्यात इतका जागला, झिजणारच. पण काल त्याने वकिलाच्या कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. मी विचारलं, वकिलाला उजवा हात नाही का? हसला नाही, चिडलाही नाही. लक्ष द्यायला नको, दुसरं काय.

लोभ आहेच, वाढवायला सवड नाही.

आत्या

ता. ९ मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

फोनवर तू बरं बरं म्हणून ठेवून देतेस, म्हणून हे कुरियरने पाठवतेय. पत्र वाचून आधी हसू आलं, मग परत वाचलं.

ही सूज टेपाला लागत नाही गं. कोटाचं अस्तर आटलं की वरून कितीही इस्त्री कर, खांदा ओढतोच. फार दिवस ताण सोसला की काहींच्या मेंदूत बारीक दाह धुमसत राहतो, मन बुडतं, डावं-उजवं गोंधळतं. बाबांचं तसं झालं असावं, असं डॉक्टरांना वाटतं. रक्तातही तशा खुणा आल्यात. गोळी सगळ्यांना लागू पडतेच असं नाही, हेही ते म्हणाले. पण वेळ तर दे.

एक सांगणार नव्हते. काल बाबा फोनवर म्हणाले, मी नसलो तर ताईचं एक टेबल मोकळं होईल. हवापाण्याबद्दल बोलावं इतक्या सरळ आवाजात. डॉक्टरांना मी कळवलंय, ते वाट बघतायत. पत्र मिळताच बाबांना घेऊन जा. भांडायचं ते माझ्याशी नंतर भांड.

तुझ्याच भरवशावर इथे असलेली,
टाचणी

ता. ११ मार्च

चि. टाचणी, आशीर्वाद.

दुकान बंद करून दोघं गेलो. डॉक्टर मला बोलला, मी ऐकून घेतलं. त्याचा पांढरा कोट खांद्यात दोन बोटं मोठा आहे, तेही बोलले नाही, यावरून काय ते समज. गोळी सुरू झाली. चहाआधी माझ्यासमोर गिळतो. मोठी कातर मी माझ्या कपाटात ठेवलीय. त्याला सांगितलं, मोकळं करायची एवढी हौस असेल तर माझं जुनं मशीन काढ, टेबलाला हात लावायचा नाही.

आत्या

ता. २ मे

ती. आत्यास सा. न.

बाबा फोनवर नुसतं हो-नाही करतात, तू ठीक म्हणतेस. आता इस्त्री न करता सांग. काही फरक आहे का? कातर कपाटातच आहे का? आणि तू कशी आहेस?

उत्तराकडे डोळे लावून,
टाचणी

ता. ९ मे

चि. टाचणी, आशीर्वाद.

इस्त्री न करता सांगते. गिऱ्हाइकांची नावं अजून विसरतो. एखाद्या सकाळी ओढून उठवावं लागतं. पण जेवण मागून घेतो. गोळीने की माझ्या बडबडीने, मला कळत नाही. डॉक्टर म्हणतो, रक्तातला दाह उतरलाय, पुढचं बघू.

मंगळवारी त्याने कातर मागितली. दुपारपर्यंत मी ऐकलंच नाही असं दाखवलं. मग मीच डॉक्टरला फोन लावला. तो म्हणाला, द्या, पण जवळ थांबा. दिली. वकिलाच्याच कोटाचं कापड होतं. त्याने रेघ मारली, पुसली, परत मारली. मी मागे उभी. पहिली बाही डावी. मग कापड उलटून पाहिलं. दुसरी कापली. उजवी. आणि मागे न वळताच म्हणाला, ताई, मानेवर श्वास सोडू नकोस, खडू उडतो.

मी मागच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. तू विचारलंस, मी कशी आहे. ते मी सांगणार नाही.

आत्या