मागच्या खोलीत मी राहत नाही, याबद्दल

रविवार, दुपार

ती. आत्यास,

अनेक नमस्कार. आतोबांना वेगळे नमस्कार, कारण तुझ्यातच त्यांचे धरले की ते दोन दिवस बोलत नाहीत (एरवीही बोलत नाहीत, पण फरक कळतो). तुझा गुडघा कसा आहे? मागच्या फोनवर तू म्हणालीस की जिना उतरताना दुखतो, आणि त्याच फोनवर म्हणालीस की सगळा जिना धुऊन काढला. या दोन गोष्टींचा काही संबंध असेल का, ते एकदा डॉक्टरांना विचार. माझी तब्येत उत्तम आहे. जेवते. हो, दोन्ही वेळा.

आधीच सांगते, मी रागावलेली नाही. फोनवर मी गप्प झाले आणि तू 'हॅलो, हॅलो' करत राहिलीस, तेव्हा मी बसायला खुर्ची शोधत होते. या खोलीत खुर्ची एकच आहे आणि तिच्यावर कपडे वाळत असतात.

प्रकरण पहिल्यापासून सांगते, कारण तू त्यातला फक्त शेवटचा अंक पाहिलास (आणि त्यात मुख्य कामही केलंस). मी इथे परदेशात दात करायला आले, हे तुला माहीत आहे. (आतोबांनी मित्रांना 'पोरगी डॉक्टर आहे' असं सांगणं आता थांबवावं. डॉक्टर माप पाठवतात, मी कवळी करते.) पगार इथे मिळतो, कर इथे कापला जातो, इथवर ठीक. पण आपल्याकडच्या कर कार्यालयाच्या लेखी मी अजून घरीच आहे. म्हणून त्याच पगारावर तेही कर मागतात. दोन्हीकडून कात्री लागली तर इथं राहणं परवडणार नाही, आणि हातचं काम सोडून परत यावं लागेल. यावर उपाय एकच. मी आता तिकडे राहत नाही असं मी जाहीर करायचं आणि त्यांनी ते मान्य करायचं. अशा माणसाला 'अनिवासी' म्हणतात. शब्द ऐकून पहिल्यांदा मला वाटलं, आता आपल्याला कुठेच राहू देणार नाहीत.

यासाठी मी एक करसल्लागार गाठला. त्याला मी मनात टाचणी म्हणते, कारण तो दिसेल तो कागद दुसऱ्या कागदाला टोचतो. एकदा माझं बसचं तिकीटही टोचलं. तो म्हणाला, तुम्ही इथे राहता हे सिद्ध करा, आणि तिथे राहत नाही हेही सिद्ध करा. पहिलं जमलं. घरमालकीणबाईंनी लिहून दिलं की ही मुलगी इथेच राहते, दार आपटते, आणि नळ नीट बंद करत नाही. आमच्या प्रयोगशाळेच्या मालकांनीही दिलं. ते माणसाच्या चेहऱ्याकडे बघतच नाहीत, सरळ दातांकडे बघतात. त्यांनी लिहिलं की ही रोज कामावर असते आणि हिची वरची एक दाढ भरायला झाली आहे. टाचणीने दोन्ही कागद एकमेकांना टोचले आणि खूश झाला.

दुसऱ्या पुराव्यानं मात्र नाकी नऊ आणले. आपण एखाद्या ठिकाणी नाही, हे दाखवायचं कसं? नसलेल्या माणसाचा काय फोटो काढणार? टाचणी म्हणाला, घाबरू नका, तिकडच्या कर कार्यालयाचा माणूस घरी चौकशीला जाईल, रिकामी खोली बघेल, दोन ओळी लिहील आणि विषय संपेल. मी निश्चिंत झाले. तुला आधी फोन करून सांगावं असं मनात आलं होतं, पण म्हटलं, तुला कशाला उगाच डोक्याला ताप.

आणि मग तो माणूस तुझ्या दारात आला.

तू फोनवर सांगितलंस ते मी टाचणीला जसंच्या तसं सांगितलं, तर त्याने पहिल्यांदाच हातातली टाचण्यांची डबी खाली ठेवली. त्या बिचाऱ्याने फक्त विचारलं होतं, "तुमची भाची आता इथे राहत नाही ना?" तू म्हणालीस, "राहत नाही म्हणजे? कुणी सांगितलं तुम्हाला?" आणि त्याला हाताला धरून मागच्या खोलीत नेलंस. शनिवारी बदललेली चादर दाखवलीस. उशीचा अभ्रा वास घेऊन बघायला लावलास. माझ्या चपला, माझा नवा टूथब्रश (जुना झाला म्हणून तू बदललास, आत्या, तो मी वापरलेलाच नव्हता), माझा टॉवेल, माझं ताट. तेवढ्यानं भागलं नाही म्हणून शेजारच्या काकूंना साक्षीला बोलावलंस. काकूंनी शपथेवर सांगितलं की ही रोज सकाळी न्हाणीघरात गाते, आम्हाला भिंतीतून ऐकू येतं. (तो आतोबांचा रेडिओ आहे. गाणारा पुरुष आहे.) शेवटी त्याने आतोबांना विचारलं. वर्षभरात त्यांना कुणी काही विचारलं नसेल. ते म्हणाले, "जेवायला उशीर करते. बाकी तक्रार नाही." आणि खाली सही केली.

त्याचा निकाल असा लागला की मी पक्की तिथली रहिवासी ठरले. टाचणी म्हणतो, घर लपवणारे त्याने शेकड्याने पाहिलेत, पण नसलेला माणूस घरात दाखवणारं कुटुंब पहिलंच. मी हसत होते. हसता हसता कधी रडायला लागले ते मलाही कळलं नाही, आणि त्याने घाईघाईत मला रुमाल समजून एक कोरा कागद दिला.

कारण मला माहीत आहे तू असं का केलंस. मी सात वर्षांची असताना तू मला घेऊन शाळेच्या कचेरीत उभी होतीस. खिडकीतला माणूस विचारत होता, ही तुमची मुलगी नाही, मग तुमच्याकडे राहते याला पुरावा काय? तू त्याला काय काय सांगितलंस ते आठवत नाही, पण माझा हात इतका घट्ट धरला होतास की बांगडीचा वळ उठला. घरी आल्यावर तू मागच्या खोलीतला शिवणाचा क्लास बंद केलास, तिन्ही मशिनं बोळात काढलीस आणि तिथं माझी खाट टाकलीस. क्लासच्या बायकांना सांगितलंस, आता जागा नाही. तेव्हापासून कुणीही दारात येऊन माझ्याबद्दल विचारलं की तू अंगावर धावून जातेस. परवाही तेच झालं. जगात कुठंतरी माझी चादर दर शनिवारी बदलली जाते, हे कळल्यापासून इथली खोलीसुद्धा मला बरी वाटायला लागली आहे. तुझे उपकार मी फेडणार नाही, फेडायचे म्हटलं तर तू चिडशील. फक्त ते मला माहीत आहेत, एवढं तुला माहीत असावं.

तेव्हा काळजी करू नकोस, मी बघते काय ते. तुझ्याकडून मला काहीही नको आहे. आतोबांना आणि काकूंना नमस्कार. मला आशीर्वाद दे, थोडे जास्तच दे.

तुझी,
भाची

ता. क. सोबत एक कागद जोडला आहे. त्यावर लिहिलंय की माझी भाची माझ्या घरी राहत नाही आणि तिच्यासाठी इथे खोली राखून ठेवलेली नाही. या महिन्याअखेर त्यावर तुझी सही हवी. वरची सगळी पानं हे मागायला धीर यावा म्हणून लिहिली आहेत.

ता. क. २. खोट्या मजकुरावर सही तू करणार नाहीस, मलाही नको. म्हणून खाट काढ आणि मशिनं परत आत घे. बायका अजून विचारतात, असं काकू म्हणाल्या. मशिनला तेल घालायला आतोबांना सांग, म्हणजे त्यांनाही काम होईल. खोली तुझीच होती. इतकी वर्षं वापरायला दिलीस.

ता. क. ३. सुट्टीत येऊन आत्याच्या शेजारी जमिनीवर गादी घालून झोपलं तर ते घर धरतात का, असं मी टाचणीला विचारलं. त्याने पुस्तक चाळलं आणि म्हणाला, नाही, ती पाहुणी. मला पाहुणी कुणी म्हटलेलं तुला खपणार नाही, पण ऐकून घे. कागदावर सही कर, पाकीट बंद कर, पोस्टात टाक. मग घरी येऊन मला फोन कर आणि नेहमीसारखं दरडावून विचार, घरी कधी येतेस म्हणून. तेवढं मात्र लेखी देऊ नकोस.