जीप उंच करण्यावरून

सुरगाणा
१६ मार्च २०२५

चि. सुयश यास,
अंजलीताईचे अनेक आशीर्वाद आणि जय भीम.

आशीर्वाद रीत म्हणून लिहिले. आज ते द्यायची इच्छा नाही. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तू फोन ठेवलास, म्हणून कागद घेतला. भांडायचं तर कागदावर भांडा, शिवी लिहिताना निदान हात दुखतो, हा अण्णांचा नियम तुला आठवत असेलच. माझा हात आज अजिबात दुखत नाहीये.

इंजिनाच्या कामासाठी मी विश्वासानं नाशिकला पाठवलेली जीप तू चार इंच उंच करणार, वर मोठे टायर लावणार, असं आई म्हणाली. कशासाठी? तर तुझ्या कंपनीतलं टोळकं दर रविवारी गंगापूर धरणामागच्या टेकड्यांवर गाड्या चढवतं आणि चिखलाचे फोटो काढतं, त्यात आपली गाडी बुटकी दिसते म्हणून. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण अक्कल तरी असावी.

अण्णांनी त्या जीपमधून वीस वर्षं पाड्यापाड्यावरची माणसं वाहिली. त्यावर आपण दोघं शिकलो. गेल्या वर्षी त्यांची डावी बाजू लुळी पडली. तेव्हापासून आंघोळीला आई लागते, शर्टाच्या गुंड्यांना तू लागतोस. मी जीप घेऊन नाशिकला आले की तिच्यात मात्र ते अजून स्वतः चढतात. उजवा पाय पायरीवर, उजवा हात काचेजवळच्या दांडीला, आणि मग डावा पाय मागून ओढून घेतात. जानेवारीत मी आधाराला हात पुढे केला, तेव्हा माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्यानं हात मागे घेतला. तेवढी एकच गोष्ट त्यांच्याकडे उरली आहे आणि तू ती उचलून त्यांच्या हाताबाहेर ठेवणार आहेस.

चौदा एप्रिल तोंडावर आला. दरवर्षी कॉलनीची मिरवणूक आपल्या जीपनं सुरू होते. मागे बाबासाहेबांची तसबीर, पुढे अण्णा. यंदा चालवता येणार नाही, निदान शेजारी बसतील. जीप जशी होती तशी ठेव.

आईला नमस्कार. तुझ्यावरचा लोभ तूर्त राखून ठेवला आहे.

तुझी,
ताई


नाशिक
२१ मार्च २०२५

ति. ताईस,
सुयशचा सप्रेम जय भीम.

तुझं पत्र आईनं मोठ्यानं वाचायला घेतलं होतं, मी हिसकावून घेतलं. अण्णा समोर बसले होते. पुढच्या वेळी पाकिटावर 'फक्त सुयशसाठी' असं लिहीत जा, म्हणजे तुझे जाळ निदान एकाच्याच अंगावर येतील.

टोळक्याबद्दल बोललीस ते बोललीस. रविवारी मला चिखलात जायला आवडतं, त्यात चोरी नाही. पण जीप मी त्यासाठी उंच करत नाहीये. खरं कारण तुला माहीत आहे आणि तू ते आमच्यापासून लपवलंस.

तुझ्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या भागीबाई डोळे दाखवायला नाशिकला आल्या होत्या. आईनं त्यांना जेवायला घातलं आणि जेवता जेवता त्यांनी सगळं सांगितलं. गेल्या ऑगस्टमध्ये पाड्याच्या वाटेवर ओढ्यात बांधलेल्या फरशीवरून पाणी वाहत असताना तू जीप त्यात घातलीस. मागे शाळेची तीन पोरं होती. मधोमध इंजिन बंद पडलं, पाणी सीटला लागलं, आणि पाड्यावरच्या लोकांनी दोर टाकून ओढलं म्हणून आज तू मला अक्कल शिकवायला शिल्लक आहेस. आम्हाला काय सांगितलंस? गाडी जुनी झाली, धूर ओकते! आपल्या गॅरेजवाल्या भारतनं इंजिनात पाणी कसं गेलं म्हणून विचारलं, तर मी मूर्खासारखा रबरी नळीला दोष देत बसलो.

भागीबाई गेल्या आणि मी संडासात जाऊन रडलो. हे तुला सांगणार नव्हतो. राग इतका आला आहे की सांगून टाकतो.

तुझी बदली होत नाही, तू सुट्टी घेत नाहीस, ओढ्यावर पूल होत नाही. माझ्या हातात आहे ते एवढंच, की गाडी पाण्याच्या वर राहावी. अण्णांसाठी एक लाकडी स्टूल करून घेतो. त्यात एवढं आकाशपाताळ एक करायचं कारण नाही.

राग गेला की कळव.

तुझा,
सुयश


सुरगाणा
२८ मार्च २०२५

चि. सुयश यास,
आशीर्वाद, जय भीम.

भागीबाईंना मी जाब विचारला. त्या म्हणाल्या की मैतर, खरं तेच सांगितलं, खोटं काय बोलू. इथे बाईला मास्तर म्हणतात आणि मास्तरला मैतर, त्यामुळे धड भांडताही येत नाही.

हो, पाण्यात घातली. पोरं घरी जायला रडत होती, समोरच्या काठावर त्यांच्या आया उभ्या होत्या, पाणी मला गुडघाभर वाटलं. चुकलं. पण याचा अर्थ गाडी उंच कर असा होतो का रे? आज गुडघाभर पाण्यात घालते, उंच केलीस तर कमरेइतक्या पाण्यात घालीन. मी स्वतःला ओळखते. शिवाय इकडे जीपच्या टपावर पोती चढतात, मागे माणसं लोंबकळतात. अशी उंच गाडी घाटाच्या वळणावर कलंडली तर तुझे टायर आकाशाकडे बघतील.

आणि स्टूल! स्टूल आणायला माणूस लागतो, सुयश. ते ठेवायला आणि अण्णा चढेपर्यंत धरून उभं राहायला माणूस लागतो. मग स्वतः चढणं कुठे उरलं? तू इंजिनिअर, तुला इंच कळतात. पण अण्णा घरात दिवसभर आढ्याकडे बघत असतात आणि जीप दारात आली की त्यांचा चेहरा बदलतो, हे तुला त्यांच्यासोबत राहून दिसत नाही? आमच्यावेळी डोळे फुकट मिळायचे.

माझी एकच अट आहे. अण्णांना विचार. त्यांच्यासमोर बसून, दोन्ही बाजू सांगून विचार. ते हो म्हणाले तर मी एक अक्षर बोलणार नाही.

लोभ किती ठेवायचा ते तुझ्या उत्तरावर ठरेल.

तुझी,
ताई


नाशिक
६ एप्रिल २०२५

ति. ताईस,
स. जय भीम.

जीप उंच झाली. टायरही चढले. आता बोंबल.

भारतकडे काम आधीच सुरू झालं होतं, स्प्रिंगचे जुने पाटे काढून ठेवले होते. तरी तुझ्या अटीप्रमाणे अण्णांना विचारलं. गॅरेजमध्ये नेऊनच विचारलं. ते बाकावर बसून त्या टायरांकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, तुला वाटतं ते कर. झालं ना? हो म्हणाले.

भारतनं खाली एक जादा पायरी जोडून दिली आहे. गाडी काय दिसते ताई! कॉलनीतल्या वत्सलाबाई तर म्हणाल्या की यंदा मिरवणूक नाशिकभर दिसेल. चौदा तारखेला ये आणि डोळ्यांनी बघ. तेव्हा भांडू, आईच्या हातची पुरणपोळी खात.

तुझ्या पावसाळ्याची काळजी करणारा,
सुयश


सुरगाणा
१० एप्रिल २०२५

सुयश,

तुला वाटतं ते कर, हे हो नसतं. पाटे काढून झाल्यावर विचारणं हे विचारणं नसतं. ज्या माणसाला उठून निघूनही जाता येत नाही, त्याला तू गॅरेजच्या बाकावर बसवून भारतसमोर विचारलंस.

चौदाला मी येत नाही. शाळेत जयंती करते आहे. तिकडे अण्णांना त्या उंटावर कसं चढवता ते मला बघायचं नाही.

अंजली


नाशिक
१७ एप्रिल २०२५

चि. अंजलीस,
तुझा बाप झुंबर याचा आशीर्वाद आणि जय भीम.

उजवा हात चालतो, पण लिहायची सवय गेली, अक्षर समजून घे. हे पत्र सुयशला वाचायला देऊन मगच टाकणार आहे. तुझी सगळी पत्रं मी वाचली. सुयशच्या उशीखाली होती. माझ्याबद्दल होती, म्हणून वाचली.

चौदाला लोक जमले, बँड लागला. मी दांडी धरली. उजवा पाय त्या नव्या पायरीवर ठेवला, तिथपर्यंत जमलं. वर जाईना. दुसऱ्यांदा केलं, जाईना. बँडवाले थांबले. ते थांबायला नको होते. मग सुयश आणि कॉलनीतली तीन पोरं धावली आणि त्यांनी मला काखेत, मांडीखाली हात घालून वर ठेवलं. त्याच चौघांनी जरा आधी बाबासाहेबांची तसबीर मागे चढवली होती. तशीच, जपून. एकानं तर माझी टोपी नीट केली.

तसबीर चौघांनी उचलून ठेवायची असते. मी अजून भिंतीवर लागलेलो नाही.

मिरवणूक होईपर्यंत तोंड उघडलं नाही. तो दिवस माझ्या रागाचा नव्हता. संपल्यावर पोरं मला उतरवायला आली, तेव्हा सांगितलं की हात लावाल तर याद राखा. मी उतरणार नाही, गाडी उतरवा. तुझी आई समजावायला आली, तिलाही ऐकवलं. भारत नवे पांढरे कपडे घालून अंगभर निळा गुलाल घेऊन नाचत होता. त्याला तसाच गाडीत घातला आणि सुयशला गॅरेजकडे घ्यायला लावली. सुट्टीच्या दिवशी कुलूप काढलं बिचाऱ्यानं. गाडी जॅकवर घेतली तरी मी आतच बसलो होतो. जुने पाटे, जुनी चाकं परत लागली. मग मी दांडी धरून स्वतः उतरलो. परत चढलो. परत उतरलो. कुणी बघायला नव्हतं, भारत पाठमोरा उभा होता. तेव्हा कुठे घरी जाऊन पोळी खाल्ली.

आता तुझं. सुयशला मूर्ख म्हणतेस, बरोबर आहे. पण पाण्यात पोरांना घेऊन कोण गेलं? तू वाहून गेली असतीस तर मी कुणावर चिडलो असतो? वीस वर्षांत मी पाण्याच्या अलीकडे थांबलो, शिव्या खाल्ल्या, पॅसेंजर घालवले, पण थांबलो. तूही थांब. पोरांना शाळेत झोपव. आणि गाडी बिघडली की खरं काय ते सांग.

सुयश भ्यायला म्हणून त्यानं हे केलं, ते मला कळतं. तू माझ्या पायासाठी भांडलीस, तेही कळतं. पण महिनाभर तुम्ही दोघं माझ्या चढण्या-उतरण्यावर पत्रं लिहीत होतात आणि मी पलीकडच्या खोलीत होतो. गॅरेजात मला विचारलं, तेव्हा मला फक्त एकदा एकट्यानं चढून बघायचं होतं. तेवढंही कुणी म्हटलं नाही.

जीप सुयश रविवारी घेऊन येतोय. मी पुढे बसून येतोय.

शेवटी लोभ असावा असं लिहायची रीत आहे. लोभ आहेच. मला विचारत जा, एवढंच मागतो.

तुमचा बाप,
झुंबर