हिरव्या दोऱ्याचं वाइंडिंग

प्रिय ठकू,

फोनवर तू "हो आई", "बरं आई" एवढंच म्हणतेस, आणि मी मुद्द्यावर आले की तुझ्या मागे कुणीतरी नेमका हातोडा आपटायला लागतं. म्हणून लिहायला बसले. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येत नाही, हा मोठा फायदा. परवा तू विचारलंस, शाळा संपल्यावर तुला काम शिकवणाऱ्या त्या मावशी त्यांच्याच वर्कशॉपमध्ये कायमची राहा म्हणताहेत, तर आई, तुला काय वाटतं? मी "बघू" म्हटलं. आपल्या घरात "बघू" म्हणजे "नाही", हे तुला दुधाचे दात असल्यापासून ठाऊक आहे, त्यामुळे तू पुढे काही बोलली नाहीस. ते न बोलणंही मला लागलं. पूर्वी दोन दिवस तरी भांडली असतीस.

शाळेने ती योजना आणली तेव्हा पहिली सही माझी होती, हे विसरू नकोस. आठवड्यातले तीन दिवस वर्ग, दोन दिवस खऱ्या कारखान्यात किंवा दुकानात शिकाऊ म्हणून काम, वर हातात पगार. मला वाटलं, देवाने छप्पर फाडून दिलं. माझी मुलगी माझ्याच दुकानात माझ्याकडून जळालेल्या मोटारींत नवी तार भरायला शिकणार, आणि शाळा तिला त्याचं प्रमाणपत्र देणार. तुझ्यासाठी मी खिडकीखालची उजेडाची जागा मोकळी करून ठेवली होती, आणि तुझे बाबा बसच्या ड्युटीवरून घरी आले की रोज विचारायचे, राजकन्या कधी गादीवर बसणार. मग तुमच्या बाईंनी तो नियम सांगितला, की नातलगाकडे शिकाऊ ठेवत नाहीत, कारण घरी एक तर लाड होतात, नाही तर नुसती बोलणी बसतात, शिकणं दोन्हीकडे राहून जातं. मी तिथल्या तिथे म्हटलं की मी लाड करत नाही. बाई हसल्या आणि म्हणाल्या, "तेच तर." आणि तुला पाठवलं कुठे, तर दुसऱ्या गावात, शाळेच्या तिथल्या शाखेत वसतिगृहावर ठेवून, दुसऱ्या वाइंडिंगवालीकडे. सुतारकाम असतं, नळकाम असतं, तर मला एवढं वाटलं नसतं. माझंच काम, आणि शिकवणार दुसरी.

सुट्टीत तू घरी आलीस तेव्हाचं आठव. कामाला बसण्याआधी तू टेबल पुसलंस. कशाला, तर मावशी म्हणतात, धुळीचा एक कण वार्निशखाली गेला की मोटारीचं आयुष्य कमी होतं. तार घेताना बोटावरून न घेता तळव्यातून सोडलीस, कारण मावशी म्हणतात, बोट तापलं की हात हलतो. खाचेत कागद घालताना त्याची कडा दुमडलीस, त्यातही मावशी होत्याच. संध्याकाळपर्यंत मला वाटायला लागलं, ही बाई कपाटात लपून बसली आहे. जेवताना तुझे बाबा मला म्हणाले, दुकानात येणाऱ्या मोटारींपेक्षा तूच जास्त जळतेस. मी त्यांना दुसऱ्यांदा वाढलं नाही. माय मरो पण मावशी जगो असं लोक म्हणतात, ते मला आजवर गमतीचं वाटायचं. मी चांगली धडधाकट आहे, तरी त्या दिवसापासून ती म्हण ऐकली की माझ्या कपाळावर आठी येते.

हो, हेवा वाटतो मला. लिहून टाकते, म्हणजे तुला ओळखत बसायला नको. पालकसभेला शाळेने काम शिकवणाऱ्यांनाही बोलावलं होतं, तिथे तुझी मावशी माझ्या शेजारी येऊन बसली तेव्हा मी आधी तिचे हात पाहिले. म्हटलं, नखं रंगवलेली असतील, म्हणजे घरी जाऊन बोलायला काहीतरी होईल. तर अंगठ्यावर तारेचे काप, नखांच्या कडांना वार्निश, अगदी माझ्यासारखे हात. मग आवाजात खोट शोधली, तर आवाजही बरा. ती म्हणाली, "तुमच्या मुलीचा हात फार सुरेख आहे. फक्त घाई होती, ती गेली आता." मी "छान" म्हटलं आणि चहा अर्धा टाकून उठले. ती घाई तू कुणाकडून घेतली होतीस, ते तिला ठाऊक नसेल. मला आहे. परतीच्या बसमध्ये मी तुझ्या बाबांना सांगितलं की बाई गोडबोली दिसते, सांभाळून राहायला हवं. 

आता मागच्या आठवड्यातली हकिकत सांगते. तुझ्या बाबांनी तुला फोनवर सांगितली असेल, तर त्यातलं निम्मं खोटं आहे असं समज. आपल्या चौकातला लॉन्ड्रीवाला मोटार घेऊन आला. चालू केली की नुसती गुणगुणते, फिरत नाही, आणि हात लावू नये इतकी तापते. कुठे भरली होती विचारलं, तर त्याने तुमच्या वर्कशॉपचं नाव सांगितलं. त्याचा मेहुणा तिकडचा, त्याने तीन-चार महिन्यांपूर्वी तिथूनच भरून आणली होती. ठकू, मला इतका आनंद झाला की मी त्याला खुर्ची पुसून दिली. म्हटलं, आज सापडली तुझी मावशी. त्याला म्हणाले, बसा, वाइंडिंग कसं करू नये ते दाखवते. झाकण उघडलं, आतला फिरता गज उपसून बाजूला ठेवला, त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, तार शाबूत आहे का बघायला मीटर लावला नाही, आणि तू पहिल्या पगारातून आणलेली पक्कड घेऊन एका बाजूची सगळी वेटोळी कचाकच कापून टाकली. पहिला कट बसला तेव्हाच तार चकचकीत दिसली होती. जळालेली तार काळी पडते, आणि तिचा वास दारापर्यंत येतो. हे मी तुला तू सात-आठ वर्षांची असताना शिकवलंय. पण उतावळ्या माणसाला नाक नसतं. तेवढ्यात लॉन्ड्रीवाला बसल्या बसल्या त्या गजाच्या टोकाचं बेअरिंग बोटाने फिरवायला बघत होता. म्हणाला, "ताई, हे जाम झालंय वाटतं."

बेअरिंग जाम होतं. गंज चढला होता, लॉन्ड्रीतली वाफ, दुसरं काय. नवं बेअरिंग घातलं असतं तर मोटार तासाभरात सुरू झाली असती. कोणतीही मोटार आली की आधी गज हाताने फिरवून बघायचा, हे आमच्याकडे झाडूवालीलाही माहीत असतं. मी काहीतरी बोलून त्याला वाटेला लावलं, दोन दिवसांनी या, सगळं माझ्याकडून. मग कापलेलं वाइंडिंग हातात घेतलं आणि त्याच्या बांधणीचा दोरा दिसला. हिरवा. तूच सांगितलं होतंस, की तिथे प्रत्येक शिकाऊ मुलीचा दोऱ्याचा रंग वेगळा, म्हणजे कुणाचं काम कसं टिकलं ते वर्षांनंतरही कळतं, आणि तुझा हिरवा. तिचं काम कापायला निघाले होते मी, आणि तुझं कापलं.

आता भरायची म्हणजे जुन्या वाइंडिंगवरून माप घ्यायचं. तारेची जाडी, प्रत्येक वेटोळ्यातले फेरे, कुठून निघून कोणत्या खाचेत जाते, सगळं जुन्यावरून बघून जसंच्या तसं घालायचं. म्हणजे मी तुझ्या मोटारीपुढे बसून दोन दिवस तुझी नक्कल केली. फेरे मोजले, एकातही चूक नाही. तार एकमेकींवर चढलेली नाही, कागदाची प्रत्येक कडा दुमडलेली, आणि बांधणी इतकी घट्ट की पक्कडीने दोरा ओढताना माझी कोपरं दुखली. तुझ्या हातात काय आहे ते मला ठाऊक होतं, पण तू इतकं नेटकं काम माझ्याकडे बसून कधी केलं नव्हतंस. मी मध्येच थांबले, टेबल पुसलं आणि परत सुरू केलं. तुझे बाबा दारात उभे राहून बघत होते. त्यांना म्हटलं, टेबल कळकट झालं होतं म्हणून पुसलं, उगाच मनाला येईल ते समजू नका. मोटार आता सुरेख चालते. तुझ्यासारखीच भरली आहे, तुझ्याहून चांगली नाही.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. राहा तिथे. आनंदाने म्हणत नाही, दात-ओठ खाऊन म्हणतेय, पण म्हणतेय. आणि खरं म्हणजे तेवढ्यासाठी फोन पुरला असता. पत्र लिहिलं ते वेगळ्याच कामासाठी. तुमच्या बाई दोनदा मला विचारून गेल्या होत्या की शिकाऊ मुलीला जागा द्याल का, आणि मी दोन्ही वेळा कानावर हात ठेवले होते. परवा हो म्हणून आले. सोमवारपासून एक मुलगी येणार आहे. काल तिची आई दुकान बघून गेली. पडदे शिवते बिचारी, मुलगी आपल्याच शिलाई मशीनवर बसावी अशी तिची फार इच्छा होती. तिने सगळं दुकान वर-खाली पाहिलं, मला पाहिलं, आणि जाताना म्हणाली, "हिला रागावलेलं चालत नाही हं."  ठकू, मी आजवर फक्त तुलाच शिकवलंय, आणि ते कसं, ते तू जाणतेस. म्हणून मला सविस्तर लिही. पहिल्या दिवशी तुझ्या त्या मावशीने तुला कुठे बसवलं, आधी हातात काय दिलं, किती वेळ नुसतं बघू दिलं. आणि तिच्याकडे तुझ्या हातून पहिल्यांदा तार तुटली तेव्हा ती काय म्हणाली, ते शब्दशः लिही. तशीच माझ्याकडे तुटली तेव्हा मी काय म्हणाले होते ते आपल्या दोघींना माहीत आहे, ते लिहू नकोस. सोमवारच्या आत उत्तर पाठव, आणि हे मी विचारलंय, हे तिला कळता कामा नये.

तुझीच,
आई