दहा पाकळ्यांचं इंजिन

१४ सप्टें., रवि.
आज पुन्हा दोन पाकळ्या फाटल्या. सेतूरावच्या मागच्या अंगणात, पहिल्याच ठिणगीला. नळी ढेकर दिल्यासारखी 'भक्' करते आणि गप्प. से. म्हणाला, "सदू, पोलाद जाड झालं. मज कळलं होतं." कळलं होतं तर कापलं कशाला? पण त्याचं ते तंजावरच्या मराठी घरातलं 'मज' ऐकलं की पाचवीचं कवितांचं पुस्तक उघडल्यासारखं होतं. राग टिकत नाही.
कारखान्यात असताना दोघांनी एका जुन्या मासिकात या पल्सजेटचं चित्र पाहिलं होतं. पंखा नाही, चाक नाही. तोंडाशी पोलादी पाकळ्यांची झडप, मागे लांब नळी. पाकळ्या उघडल्या की हवा आत. मिटल्या की आग मागच्या तोंडाने बाहेर. बस्स, एवढंच इंजिन. तेव्हा पंचविशीत होतो. आता दोघे मिळून दीडशेच्या घरात, तेव्हा कुठे सवड.

२१ सप्टें., रवि.
चाललं!!
गावाबाहेर, ओरगडमच्या पुढे, से.च्या मेहुण्याच्या मोकळ्या प्लॉटवर. अकरा सेकंद. आवाज… काय लिहू. कानांत कापूस, वर कान झाकायचे ते, तरी दातांतून आत शिरला. ताडांवरचे कावळे सगळे एकदम उडाले. नळी लाल, मग केशरी. शाळेत मी लघु-गुरू बोटांवर मोजायचो. इथे दोन ठोक्यांत मोजायला फटच नाही.
से.ने नेसत्या वेष्टीच्या टोकाने डोळे पुसले. "पोदुम् रे. आता मेलो तरी पुरे." फोनवर त्याची बायको, रुक्मावैनी: "आधी जेवायला या, मग मरा."

२४ सप्टें., बुध.
पाकळ्यांच्या कडा जळाल्यात. से. नव्या कापतोय. पातळ पट्टीतून, हाताने, भिंग लावून. टूलरूममध्ये छत्तीस वर्षांत त्याचा एक नग परत आला नाही. हे तो सांगत नाही, लोक सांगतात. दसऱ्याला पूर्ण एक मिनिट चालवायचं. मी म्हटलं, सीमोल्लंघन! तो म्हणाला, "कवी, तू स्पॅनर धर."

१ ऑक्टो., बुध. आयुधपूजा
से.कडे. कानस, हातोडी, ड्रिल, वैनींचं शिलाई मशीन, स्कूटर, सगळ्यांना गंध-कुंकू. आज हत्यार चालवायचं नाही. मधोमध नळी, तिला झेंडूची माळ. झडप वेगळी, केळीच्या पानावर. से. म्हणाला, "नळीस लाव, पुरे." आणि तबक आणायला आत गेला.
मी पाकळ्या पाहत राहिलो. दहा. निळसर, एकीसारखी दुसरी. आमच्याकडे खंडेनवमीला विळीसुद्धा सुटायची नाही, वडील तिलाही गंध लावायचे. मग ह्यांना का नाही? एकेका पाकळीच्या टोकाला एकेक ठिपका लावला. कमळच. डोळे भरून आले.

२ ऑक्टो., गुरु.
लिहवत नाही.

३ ऑक्टो., शुक्र.
काल सकाळी नऊची गोष्ट. झडप मी जोडली. आधी गंध फडक्याने पुसलं होतं. पुसलं होतं. से. समोर उभा, कॉम्प्रेसरची हवा झडपेच्या तोंडात देत. गॉगल घामाने धुरकटला म्हणून कपाळावर सरकवलेला. मी ठिणगी दिली. एकदा धडधडलं, आणि आग मागून नाही, पुढून आली. त्याच्या तोंडावर.
तो ओरडलाही नाही. कुणी 'बस' म्हटल्यासारखा खाली बसला. भुवया नाहीत. उजवा डोळा
दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बुबुळ भाजलंय, पट्टी ठेवू, दिसेल की नाही ते आठवड्याने.
मला त्याने एकच विचारलं. "नळी फुटली काय?"
"नाही."
"मग पाकळ्या. माझ्या पाकळ्या."

५ ऑक्टो., रवि.
झडप उघडली. दहापैकी सात पाकळ्यांखाली पिवळे कण. वरचं गंध पुसलं गेलं. खाली ओघळलेलं तसंच वाळलं. त्यामुळे पाकळ्या मिटल्याच नाहीत, आग पुढे फिरली.
मी. मी केलं हे.
त्याचं कापणं भिंगातून पाहिलं. दहाही निर्दोष.

७ ऑक्टो., मंगळ.
से. घरी आलाय. ओसरीवर वैनींनी हळू आवाजात सांगितलं, "भावजी, सगळी हत्यारं देऊन टाक म्हणतात. भिंग आधी. म्हणतात, माझा हात गेला."
मी म्हटलं, "हं."
हं! खरं बोलण्यावरच्या कविता वर्गात माझ्याइतक्या खणखणीत कुणी म्हणत नसे. मास्तर पुढे बोलावायचे. आणि आज एवढं एक 'हं'.
आत गेलो तर से. छताकडे तोंड करून: "सदू, छत्तीस वर्षं नशीब होतं रे. हात नव्हता."
तरी मी डोळ्यात घालायच्या थेंबांबद्दल बोललो.

८ ऑक्टो., बुध.
सांगितलं.
"सेतू, पाकळ्यांना मी गंध लावलं होतं."
"नळीस."
"पाकळ्यांना. टोकाला. ते खाली वाळलं."
पंखा फिरत होता.
"दहाही?"
"दहाही."
"मी नळीस म्हटलं होतं."
"हो."
वाटलं, हसेल. किंवा त्याची ठेवणीतली तमिळ शिवी देईल. काही नाही. चांगल्या डोळ्यानेसुद्धा माझ्याकडे पाहिलं नाही.
"तुज कधी कळलं?"
"रविवारी."
"तीन दिवस." मग उजवा हात वर धरला, स्वतःचाच, उलटसुलट करून पाहिला. "तीन दिवस मी ह्यास शिव्या देतोय."
आणि आत हाक मारली, "रुक्मा, सदू निघालाय."
मी निघालो नव्हतो. मग निघालो.

९ ऑक्टो., गुरु.
वैनींचा फोन. पट्टी काढली. उजेड कळतो, बोटं मोजता येतात, अक्षरं नाहीत. पुढे सुधारेल किंवा नाही, डॉक्टरीणबाई बोलायला तयार नाहीत. मी विचारलं, हत्यारं? "ठेवलीत. भिंग परत मागून घेतलं." माझ्याबद्दल काही? "नाही हो भावजी."

१० ऑक्टो., शुक्र.
फोन दोनदा उचलला, दोनदा ठेवला.

११ ऑक्टो., शनि.
हे त्यांच्या ओसरीच्या बाकावर बसून लिहितोय. न सांगता आलो. दारात वैनी. माझ्याकडे पाहिलं, आत पाहिलं, मग म्हणाल्या, "ते झोपलेत असं सांग म्हणाले."
"मग बसतो."
"बसा."
आतून खोकला आला. झोपेतला नव्हे, चांगला बसून काढलेला.
आता वैनींनी कॉफी आणली. दोन पेले. एक माझ्या हातात दिला, दुसरा बाकाच्या त्या टोकाला ठेवला. आत जाताना दार लोटलं, कडी लावली नाही.
वाफ आहे अजून.