मेलेल्या पेशी मोजणारं माझं यंत्र

४ ऑगस्ट २०१६
हुद्दा लॅब अटेंडंटचा, डोकं इंजिनिअरचं. डिग्री नाही, गरज पडली नाही. आमच्या भंडाऱ्याच्या कॉलेजातल्या रुचिता मॅडमची पीएच.डी. बेडूकमाशाच्या शेपटीवर आहे. बेडूक होताना शेपटीतल्या पेशी ठरल्या वेळी आपणहून मरतात. रंग लावला की मेलेल्या तपकिरी दिसतात. मॅडम त्या डोळ्यांनी मोजतात. आजच्या काळात. १८ तारखेला आकडे नागपूरच्या गाईडकडे गेले नाहीत तर त्यांचं वर्ष वाया. मी यंत्र करणार.
दुसरा संकल्प: तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद.

६ ऑगस्ट
मायक्रोस्कोपवर वेबकॅम बसवला. स्लाइड सरकवायला बायको सत्यभामाच्या शिलाई मशीनची मोटर. ती म्हणाली, मेलेल्या पेशीसाठी माही मोटर नेऊन राहिले, मंग जित्या गिऱ्हाइकाचे पिको कोन करन जी? विज्ञानाला विरोध घरातूनच होतो.
खर्रा एकदाच. फोकस जुळवताना तोंड रिकामं चालत नाही.

१० ऑगस्ट, सकाळी
यंत्र चालू. पहिली स्लाइड: ६१ मेलेल्या. दुसरी: ६१. तिसरी: ६१. माणसाला इतका काटेकोरपणा जमणार नाही. कॅमेऱ्यावरची धूळ मी स्वतः फुंकर मारून काढतो. दुसऱ्यावर भरवसा नाही.

११ ऑगस्ट
मॅडम म्हणाल्या, रंग न लावलेली स्लाइड ठेवा, शून्य यायला पाहिजे. ६१. म्हणजे यंत्राला रंगही लागत नाही. मग त्यांनी कोरी काच ठेवली. ६१. म्हटलं, मॅडम, यंत्र जरा जास्तच बारीक बघते.

१२ ऑगस्ट
मॅडमनी कॅमेऱ्याचं भिंग कापसाने पुसलं. कापूस तपकिरी. वास घेऊन म्हणाल्या, टेकचंदभाऊ, शेपटीत सुपारी कुठून आली? तुम्ही तर खर्रा सोडला होता ना? म्हटलं, सोडला म्हणजे कमी केला.
आता सगळ्या स्लाइडवर शून्य. प्रोग्राम मी पहिल्या दिवसापासून त्याच डागांवर जुळवला होता, हे सांगितलं नाही. स्लाइडचे दोन डबे बाकी आहेत. मॅडम त्या डब्यांकडे बघत बसल्या, ते मला बघवलं नाही.

१३ ऑगस्ट
मोटर सत्यभामा घेऊन गेली. स्लाइड हातानेही सरकते, असं लक्षात आलं. कॅमेराही काढला. भिंग एक कमी, म्हणजे चूक एक कमी.

१७ ऑगस्ट
दोन्ही डबे झाले. डोळे चुरचुरतात. मॅडम रोज दारातूनच विचारायच्या, झालं का जी? आणि आकडे तयार असायचे. त्यांच्या बाजूने पाहिलं तर सगळं पूर्ण ऑटोमॅटिक.
रिपोर्टमध्ये उपकरणाचं नाव काय लिहू, असं त्यांनी हसत विचारलं. मी माझं पूर्ण नाव दिलं, वडिलांच्या नावाच्या स्पेलिंगसकट.