अर्चनाच्या मापाची सायकल

॥ श्री ॥
डिचोली, १ ऑक्टोबर १९८९

तीर्थस्वरूप बाय हिला,
कृष्णनाथचा सा. न. वि. वि.

गेल्या वर्षभरात या दोन हातांनी काय केलं ते आधी लिहितो, म्हणजे सायकलवाल्याला वेळच वेळ असतो असं तू पुन्हा म्हणणार नाहीस. आरे घालून चाकं विणली एकशे बारा, एकाही चाकात केसभर आऊट नाही, कुठलंच डगमगत फिरत नाही. आऊट काढायची घोडी केली, फणसाच्या फळीची. ट्रकच्या मोडक्या स्प्रिंगपाटीतून तीन पाने घडवले. पोदेराच्या सायकलीला पावाची टोपली बसेल असं कॅरियर केलं, ते बघून शिरगावच्या पोदेरानंही तसंच मागितलं. शर्यतीच्या हँडलावर लावायची दोन शिंगं केली, पाण्याच्या पाइपाची. आणि फ्रेमी तीन. शिक्षण मराठी चौथी आणि पोर्तुगीजांची सेगुंद ग्राव परीक्षा, हे तुला माहीत आहेच.

शिंगांचं सांगतो. यंदा जुलैत फ्रान्सची शर्यत मी रोज रेडिओवर ऐकली. इंग्रजी निम्मं कळतं, उरलेलं आकड्यांवरून लावतो. एकवीस टप्पे, तीन हजार दोनशे पंच्याऐंशी किलोमीटर, आणि शेवटी पहिल्यात नि दुसऱ्यात फरक आठ सेकंदांचा. तू चहा बशीत ओततेस तेवढा वेळ. मग सुभाषभावोजींनी बोटीवरून मासिक पाठवलं, त्यात फोटो पाहिले. जिंकला त्यानं हँडलावर शिंगं लावून अंग वाऱ्याखाली घातलं होतं, हरला त्याची शेंडी वाऱ्यावर उडत होती. तुझी भावजय चंद्रावती म्हणाली, एका शेंडीचं एवढं काय. मी तिला सांगितलं की आठ सेकंदांच्या हिशेबात शेंडीसुद्धा धरावी लागते.

आता आपल्या शर्यतीचं. १७ डिसेंबरला पेडण्याहून डिचोली, तिथून सुर्ला आणि परत डिचोली. रविवार मुद्दाम धरलाय, खाणीचे ट्रक त्या दिवशी नसतात. शर्यत भरवणाऱ्या मंडळाच्या कागदावर साठ किलोमीटर लिहिलंय. मी चाकाचे फेरे मोजून काढले, एकसष्ट किलोमीटर चारशे मीटर भरतात. मंडळाच्या बाबुरावांना तसं कळवलं, तर म्हणाले, वरचं तुम्ही ठेवून घ्या.

बाय, अर्चनाला या शर्यतीत उतरव. मुलगी चालणार नाही असं कागदावर कुठंही नाही, मी दोन्ही बाजूंनी वाचला. भावोजींच्या त्या जड सायकलीवर पोर रोज चोपड्याची सातची फेरीबोट गाठते आणि पलीकडे शिवोलीहून म्हापशाच्या कॉलेजात जाते. दोन वर्षांत तिची एकही बोट चुकली नाही, हे मला फेरीवाल्यानं सांगितलं. तिच्या मापाची फ्रेम मी करणार. पायाचं आतलं माप, धड आणि हात, एवढं मोजून पाठव.

लोभ आहे तसा राहू दे, मापं मात्र लवकर.

तुझा
कृष्णनाथ


मांद्रे, ९ ऑक्टोबर १९८९

चि. कृष्णनाथ यास बायचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र अर्चनानं मोठ्यानं वाचलं आणि मापांपाशी पोचताच शिंप्याकडून टेप आणलीसुद्धा. इकडे सगळी बरी आहोत. राज्य झालं, कोंकणी राजभाषा झाली, तुझं मराठी मात्र अजून मास्तर मागे उभे असल्यासारखं. चंद्रावतीला सांग, शेंडीच्या बाबतीत मी तिच्या बाजूची.

यादी छान आहे. फ्रेमी तीन असं लिहिलंयस. त्यातली एक गेल्या डिसेंबरात शर्यतीत मुळगावच्या उतरणीवर मोडली आणि सुर्ल्याच्या विजयच्या गळ्याखालचं हाड मोडलं, ती या तिनांत धरलीस की नाही? तू तेव्हा इथं येऊन, पाटावर बसून सांगितलंस की विजयनं खड्ड्यात घातली. सगळी डिचोली तेच म्हणते, तुझ्याकडून ऐकून. असेलही तसं. पण बाबा, ते खड्डे यंदाही तिथंच आहेत आणि त्यांच्यावरून माझी मुलगी जाणार. लहानपणी माझी काचेची बरणी फुटली तेव्हाही तू मांजराचं नाव घेतलं होतंस, आणि आपल्याकडे मांजर नव्हतं.

दांड्याच्या सायकलीवर मुलगी बसली म्हणून लोक बोलतील, त्याचं मला काही नाही. दोन दिवस बोलतील, तिसऱ्या दिवशी त्यांना दुसरं काही सापडेल. मला काळजी हाडांची आहे.

म्हणून मापं या पाकिटात नाहीत. फ्रेम का मोडली ते आधी लिही. अर्चना रुसली आहे, पण जेवली.

उत्तर दे, रागावलास तरी दे. माया तीच आहे.

बाय


डिचोली, १७ ऑक्टोबर १९८९

तीर्थस्वरूप बाय हिला,
कृष्णनाथचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा चंद्रावतीनं वाचलं आणि काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा तुझंच म्हणणं तिचं असतं.

मोडलेली फ्रेम मी टाकली नव्हती, माळ्यावर होती. काल खाली काढली, पुढच्या जोडापाशी करवतीनं उभी चिरली आणि भिंगाखाली धरली. नळ्या मी टाकणखार लावून पितळेनं जोडतो. जोडात पितळ शेवटपर्यंत मुरलं होतं, तिथं बोट ठेवायला जागा नाही. मोडली ती जोडाला लागून असलेली नळी. भावोजींच्या मासिकात इटलीच्या सायकलींचे फोटो असतात, त्यांचे जोड गुळगुळीत, जणू ओतलेलेच. मला तसेच हवे होते. म्हणून कानस मारत राहिलो, दोन दिवस. जोड आरशासारखा झाला आणि शेजारची नळी झिजली. नळी एक मिलिमीटर जाडीची. एका जागी अर्धाच मिलिमीटर उरला होता. खड्डा होता, ते खरं. पण खड्ड्यानं पुढचं चाक धरणारा चिमटा वाकतो, नळी अशी तुटत नाही.

आता दुसरं लिहितो, ते लिहायला जास्त वेळ लागला. विजयनं खड्ड्यात घातली असं मी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं. महिन्याभरानं दुसऱ्या फ्रेमीला कानस लावली तेव्हा हाताला कळलं. तरी पुढं कुणी विचारलं की मी खड्डाच सांगत राहिलो.

कानस कुठं थांबवायची ते आता मला कळतं, गोव्यात दुसऱ्या कुणापेक्षा जास्त कळतं. अर्चनाच्या फ्रेमीचे जोड जाड दिसतील. दिसू देत.

लोभ थोडा कमी केलास तरी चालेल या खेपेला.

कृष्णनाथ


मांद्रे, २४ ऑक्टोबर १९८९

चि. कृष्णनाथ यास बायचे अनेक उत्तम आशीर्वाद.

खरं लिहिलंस, बरं वाटलं. पण ते मला लिहून विजयला काय मिळालं? तो पोटासाठी ट्रक चालवतो रे. ज्याला सायकल खड्ड्यातून काढता येत नाही, त्याच्या हाती दहा टन माती देताना मालक दोनदा बघणारच. त्याचं हाड दोन महिन्यांत सांधलं असेल, नाव अजून मोडलेलंच आहे. तू सुर्ल्याला जा आणि त्याला सांग. एकटा गाठून नको. तू जसं चारचौघांत बोललास तसं चारचौघांत सांग.

तू सांगितल्यावरच मापं पाठवीन असं लिहिणार होते. पण तू सांगशील हे मला ठाऊक आहे, मग दिवस कशाला फुकट घालवू? पायाचं आतलं माप अठ्ठ्याहत्तर सेंटिमीटर, धड चौपन्न, हात सत्तावन्न. अर्चना म्हणते तीनदा मोजलं, मामाला अंदाज चालत नाही. तिच्यासाठी घोट्याशी घट्ट अशी विजार शिवायला टाकली आहे. यांचंही पत्र आलं, ते म्हणतात शर्यतीच्या दिवशी बोट कुठंही असो, घड्याळ आपल्या वेळेवर लावून बसतील.

जाऊन आलास की कळव. मी वाट बघते आहे, रागानं नव्हे.

बाय


डिचोली, २६ नोव्हेंबर १९८९

तीर्थस्वरूप बाय हिला,
कृष्णनाथचा सा. न. वि. वि.

उशीर झाला, पण काम पुरं करून लिहितोय.

५ तारखेला, रविवारी सुर्ल्याला गेलो. ट्रकवाले सगळे चहाच्या हॉटेलात होते, विजयही. चिरलेला जोड वर्तमानपत्रात गुंडाळून नेला होता, तो मेजावर ठेवला आणि सांगितलं की फ्रेम माझ्या कानशीनं मोडली, विजयच्या हातानं नव्हे, आणि हे मला कधीचं माहीत होतं. विजयनं तुकडा उचलला, नळीवरून अंगठा फिरवला. जाडी किती होती विचारलं, मी एक मिलिमीटर म्हटलं. उरली किती विचारलं, मी अर्धा म्हटलं. मग तो बाकीच्यांकडे बघून म्हणाला की हे कृष्णनाथबाब रस्ता चारशे मीटरपर्यंत मोजतात, पण अर्धा मिलिमीटर मोजायला त्यांना अकरा महिने लागले. सगळे हसले. मी हसू दिलं. मला ते लागलं, आणि ते बरोबर होतं. चहा त्यानं मला विचारला नाही. तुकडा मात्र ठेवून घेतला.

दुसऱ्या दिवशी दुकानातही जो येईल त्याला सांगितलं. दोन गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात गेली. एक परत आलं, त्याच्या चाकाचा आऊट तिथं निघाला नाही.

फ्रेम झाली. कानस फक्त पितळेवर, नळीला स्पर्शही नाही. सायकल एकंदर दहा किलो सातशे ग्रॅम. आधी तिच्यावर तीन माणसं उभी केली, त्यांतला एक पोदेर होता, म्हणजे साडेतीन धर. मग पाठीला पंधरा किलो खनिजाची पिशवी बांधून मी स्वतः मुळगावची उतरण अकरा वेळा उतरलो, शोधून शोधून खड्ड्यांतून. माझं वय सत्तेचाळीस. पाठ दुखते, फ्रेमीला काही नाही. अकराव्या वेळी चंद्रावती रस्त्यावर येऊन उभी राहिली म्हणून थांबलो, नाहीतर बारा झाले असते.

शनिवारी सायकल घेऊन मांद्र्याला येतो. अर्चनाला म्हणावं शिंगांची सवय करायची, पण फेरीबोटीवर चढताना नव्हे.

भेटेपर्यंत लोभ जपून ठेव.

कृष्णनाथ


मांद्रे, १८ डिसेंबर १९८९

चि. कृष्णनाथ यास बायचे अनेक उत्तम आशीर्वाद.

अर्चना चार दिवस तुझ्याकडे राहणार हे ठरलेलंच होतं, पण पत्र टाकायला चार दिवस लावू नकोस. काल संध्याकाळी बसच्या कंडक्टरनं सांगितलं, मुलगी पोचली. कितवी, कशी, हातपाय धड आहेत का, यातलं त्याला काही सांगता येईना.

पेडण्याला काय झालं ते तुला अर्चना सांगणार नाही, म्हणून मी लिहिते. अडतीस जण होते. बाबुरावांनी तिची सायकल बघितली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की या जोडांना सूज आली आहे, ही कृष्णनाथची फ्रेम, मंडळ जबाबदारी घेणार नाही, दुसरी सायकल आणा नाहीतर घरी जा. माझी जीभ सुटणार होती, तेवढ्यात विजय पुढं आला. त्यानं बाबुरावांना विचारलं की गेल्या साली हाड त्यांचं मोडलं होतं की त्याचं. मग खाली बसला, एकेक जोड बोटानं वाजवून बघितला, नळ्यांवरून अंगठा फिरवला. मला वाटलं, आता हा काय म्हणतो. उठला आणि म्हणाला, मंडळाला जबाबदारी नको असेल तर माझ्या नावावर लिहा. बाबुरावांनी खरंच लिहून घेतलं, सहीसुद्धा घेतली.

मी अंगणात बसून पत्र लिहितेय आणि पोस्टमनच्या वाटेकडे बघतेय. लवकर लिही. तुम्हां तिघांना आशीर्वाद.

बाय


डिचोली, २० डिसेंबर १९८९

तीर्थस्वरूप बाय हिला,
कृष्णनाथचा सा. न. वि. वि.

हातपाय धड. कोपरावर चार बोटांएवढं खरचटलंय, चंद्रावतीनं हळद लावली. आता क्रमानं लिहितो.

सुटले अडतीस, पोचले सव्वीस. अर्चना चौदावी. वेळ दोन तास नऊ मिनिटं सोळा सेकंद, माझ्या घड्याळानं. मंडळाच्या घड्याळानं दोन तास नऊ मिनिटं, त्यांना सेकंद लिहायची सवय नाही. मुळगावची उतरण ती कशी उतरली ते मी पाहिलं, कारण मी तिथंच उभा होतो. गेल्या वर्षीच्या जागी. शिंगांवरून हात काढून खाली धरले, वळणात आतल्या बाजूनं गेली आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला तेच हवं होतं. तिथून डिचोलीपर्यंत मी माझ्या सायकलीवरून ओरडत गेलो, काय ओरडलो ते चंद्रावतीला विचार.

सुर्ल्याच्या रस्त्यावर ट्रकांतून सांडलेल्या खनिजाचे गोळे पडलेले असतात. परतीच्या वाटेवर एका गोळ्यावर तिचं पुढचं चाक आदळलं, ती पडली. पुढच्या चाकाचे तीन आरे तुटले, रिम वाकली. तिनं ब्रेक सोडवला, तुटलेले आरे शेजारच्या आऱ्यांना गुंडाळले आणि उरलेले अकरा किलोमीटर तशीच आली. हे तिला मी शिकवलेलं नाही. पडली नसती तर नववी-दहावी आली असती, पण झालं नाही त्याचा आकडा मी लिहीत नाही.

विजय तिसरा आला. शेवटची कापडी फीत ओलांडल्यावर त्यानं आधी अर्चना कुठं आहे ते विचारलं. ती आल्यावर मी तिथंच रस्त्यावर सायकल उलटी करून भिंगानं आठही जोड तपासले. नळीवर रंगालासुद्धा चीर नाही. बाबुराव मागे उभे होते. मी भिंग त्यांच्या हातात दिलं. त्यांनी बघितलं, आणि विजयच्या सहीचा कागद खिशातून काढून विजयला परत केला.

अर्चना गुरुवारी येईल. चाक नवं विणलंय. फेब्रुवारीत बेळगावला शर्यत आहे म्हणते. विजार आणखी एक शिवायला टाक.

तुझी माया आणि तुझी शंका, दोन्ही अशाच असू देत. मला दोन्ही लागतात.

तुझा
कृष्णनाथ

ता. क. आज सकाळी विजय ट्रक दारात लावून दुकानात आला होता. अंगानं तो अर्चनाएवढाच, त्याला तिचीच सायकल हवी. मी म्हटलं, तुझी नवी करतो, तर म्हणाला, नवीवर तुम्ही पुन्हा कानस घेऊन बसाल, मला ही पाहिजे, ही मी हात लावून बघितलेली आहे. मी त्याचं माप घेतलं, पाडव्यापर्यंत फ्रेम देतो म्हटलं आणि चहा मागवला. तिची दिली नाही. रोख देत होता, रुपये दोन हजार सातशे पन्नास.