नूरभाईंनी परत नेलेली सुरी

गोंडपिपरी
हळदीचा दिवस, दुपार

तीर्थस्वरूप नानाजीमामांना,

धनराजचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? मामींचा खोकला? इकडे सारे मजेत आहेत, मी सोडून. अक्षराला हसू नका. डाव्या हाताने लिहितो आहे. उजव्यात भाजीची सुरी आहे, आणि लग्न लागेपर्यंत ती खाली ठेवायची नाही अशी गुणाबाईआत्याची ताकीद आहे.

नवरदेवाच्या हातात हळदीपासून लोखंड हवं, टोकाला लिंबू हवं, हे तुम्हाला मी काय सांगावं. पण आमच्या घरची कट्यार गंजलेली, मूठ हलणारी. आणि तुमच्या आलापल्लीत सुऱ्या घडवणारे नूर मोहम्मद. त्यांच्या दुकानात गेलो तो नुसता बघायला, आणि बघतच राहिलो. (त्या दिवशी तुमच्याकडे जेवायला आलो नाही ते यामुळे. मामींना पोट बिघडल्याचं सांगितलं होतं.) ट्रकच्या जुन्या कमानपट्टीच्या पोलादातून हा माणूस पातं काढतो. मूठ सागाच्या गाठीची. एक सुरी दुसरीसारखी नाही. गिऱ्हाइकाचा पंजा कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवतात, मग विचारतात, कापायचं काय? मी खरं ते सांगितलं. काही नाही, लग्नात हातात धरायची. "मंग चमचा धर ना भाऊ," म्हणाले आणि भात्याकडे वळले.

मी चौकापर्यंत जाऊन परत आलो आणि बांबू सोलायचा आहे असं सांगितलं. चेहरा उजळला. मग पातं मनासारखं उतरेना म्हणून त्यांनी दोनदा मोडलं. इकडे पत्रिका वाटून झाल्या, मी तिकडे भट्टीसमोर. शेवटी मिळाली. येताना बसमध्ये सारखी पिशवीतून काढून बघत होतो. शेजारची बाई उठून पुढे जाऊन बसली.

आज सकाळी हळद लागली, आत्याने टोकाला लिंबू खोचलं. थोड्या वेळाने मांडवात नूरभाई. (बाबांनी मला न विचारता त्यांना पत्रिका धाडली होती.) त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. लिंबू उपटलं. टोक काळं पडलं होतं.

"आंबट पोलादाले खाते, मालूम नाई तुले? अन् बांबू कुठी हाय?"

"अगा, नवरदेवाचं लोखंड हाय ते," आत्या ओरडली, "हात नोको लावू!"

"नवरदेव दुसरा भेटंल, बाई," म्हणाले, रुमालात सुरी गुंडाळली आणि गेले. (जेवून गेले. वरण मागून घेतलं.)

तेव्हापासून मला चैन नाही. हळदीच्या अंगाने मांडवात फेऱ्या घालतो आहे. लोकांना वाटतं, लग्नाची घाई. लग्न परवा आहे. हे पत्र आलापल्लीच्या बसच्या वाहकाजवळ देतो.

तुमचा भाचा,
धनराज

ता. क. लग्नाला येताना नूरभाईंकडून सुरी घेऊन या. धनराज खरंच बांबू सोलतो, असं सांगा. तुमच्या शेजारच्या सुकलूने विणलेली एखादी टोपली माझी म्हणून दाखवा.

ता. क. २. टोपली नको. नवरीचा भाऊ आत्ताच आरमोरीहून आला. त्याच्याकडून कळलं की रीता स्वतः टोपल्या विणते आणि तिला बांबू सोलायला चांगली सुरी हवीच आहे. तिचं नाव सांगा, नूरभाई नाही म्हणणार नाहीत. मग सुरी तिची होईल, हे मला कळतं. मागितली तर कधी हातात देशील का, असा निरोप मी तिला पाठवला आहे. उत्तराची वाट बघू नका. निघा.